मीठ बघ जरा

कोरियन भाषेतल्या 'बोदा' या क्रियापदाचा अर्थ 'बघणे', एवढे मी पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवले आणि पुढच्या शब्दाकडे वळले. त्या शब्दाशी माझी खरी ओळख व्हायला त्यानंतर वर्ष उलटावे लागले, आणि ती झाली तीही वर्गात नव्हे, तर आमच्या इमारतीच्या गच्चीवर, मिठात मुरलेल्या कोबीच्या ढिगाशेजारी.

2017 च्या ऑगस्टमध्ये आम्ही दक्षिण कोरियातल्या सुवोनला राहायला गेलो. सोलच्या दक्षिणेला असलेले हे मोठे शहर. त्याच्या मधोमध 1796 साली बांधून पुरा झालेला ह्वासॉङचा कोट आहे आणि कोटाच्या दक्षिण दरवाजाबाहेर एकमेकांना खेटून उभे असलेले जुने बाजार आहेत. परदेशी रहिवाशांसाठी चालणाऱ्या भाषावर्गात मी नाव घातले. आमच्या वर्गात उझबेकिस्तानची दोघे, नेपाळचा एक तरुण, व्हिएतनामच्या चार मुली, एक अमेरिकन गृहस्थ आणि मी असे सगळे होतो. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही तिथल्या रिवाजाप्रमाणे 'सॉन्सेङ्निम' म्हणत असू. पुस्तकात प्रत्येक शब्दासमोर इंग्रजी अर्थ छापलेला होता, आणि माझी पहिली चूक त्या इंग्रजी अर्थाच्या बोटाला धरून चालण्यात झाली.

'मॉक्ता' म्हणजे खाणे. त्याला बोदा जोडला की 'मॉगॉ बोदा' होते. पुस्तकात त्यासमोर 'ट्राय' असे लिहिले होते. मी त्याचे मनातल्या मनात 'प्रयत्न करणे' असे मराठी केले आणि पाठ करून टाकले. पुढे एकदा बाईंनी घरच्या घडामोडींवर चार वाक्ये लिहून आणायला सांगितली. आमच्या खोलीची एक खिडकी थंडीत अडकून बसली होती, म्हणून मी लिहिले की मी खिडकी उघडण्याचा प्रयत्न केला पण ती उघडली नाही. त्यासाठी मी 'यॉरॉ ब्वास्सॉयो' असे रूप वापरले. बाईंनी वाक्य दोनदा वाचले आणि विचारले, "म्हणजे खिडकी उघडली ना? मग बाहेर काय दिसले?"

मला काही उमगेना. त्यांनी फळ्यावर खिडकीचे चित्र काढले आणि समजावले की 'यॉरॉ ब्वास्सॉयो' म्हटले की खिडकी उघडली गेलीच. ती कशासाठी उघडली, तर उघडल्यावर काय होते, बाहेर काय आहे, हे जाणून घेण्यासाठी. खिडकी उघडलीच नसेल तर वाक्य वेगळे हवे: 'यॉल्ल्यॉगो हेन्नुन्दे', म्हणजे उघडायला गेले खरी, पण. त्या हे सांगत असतानाच माझ्या मनात मराठी वाक्य उभे राहिले: खिडकी उघडून बघितली. आपल्याकडे कोणी असे म्हणाले तर खिडकी उघडली की नाही, अशी शंका कोणालाही येणार नाही. 'उघडायचा प्रयत्न केला' आणि 'उघडून बघितली' यांतला फरक मला बोलायला लागल्यापासून ठाऊक होता. मॉगॉ बोदा म्हणजे खाऊन बघणे, यॉरॉ बोदा म्हणजे उघडून बघणे. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. जे माझ्या घरातच होते ते आणायला मी इंग्रजीच्या दारात का गेले, याचे मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटले.

मी हे बाईंना सांगितले तेव्हा नेपाळी तरुण म्हणाला की त्यांच्याकडेही 'खाएर हेर' असेच म्हणतात. उझबेक मुलीने वहीतून डोके वर काढून 'येब कोर' असे दोन शब्द उच्चारले. पहिल्याचा अर्थ 'खाऊन' आणि दुसऱ्याचा 'बघ'. अमेरिकन गृहस्थ तेवढे आमच्याकडे विस्मयाने पाहत राहिले. घरी येऊन मी आठवत बसले. सोलापूरकडची माझी एक मैत्रीण कानडीत 'तिंदु नोडु' म्हणायची, तमिळमध्ये 'साप्पिट्टु पारु' म्हणतात, हिंदीत 'खाके देखो' आहेच, आणि जपानीतही 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणेच. कोरियन आणि भारतीय भाषांमधले हे साम्य काही मला एकटीला जाणवलेले नाही. होमर हल्बर्ट नावाच्या सोलमध्ये राहणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्याने 1905 साली कोरियन आणि द्राविडी भाषांची तुलना करून त्यांचे नाते असल्याचे मांडले होते. आज ते नाते भाषाशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. कॉलिन मॅसिका या भाषाशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये अधिक सावधपणे दाखवले की क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची, 'करून' सारख्या रूपांनी क्रिया ओवत जाण्याची आणि एका क्रियापदाला दुसरे जोडण्याची रीत भारतीय उपखंडापासून मध्य आशिया ओलांडून कोरिया-जपानपर्यंत आढळते. रक्ताच्या नात्याशिवायही अशी रीत सारखी असू शकते, हे मला रक्ताच्या नात्यापेक्षाही अधिक सुंदर वाटते.

त्या दिवसानंतर बाजारात कान आपोआप उघडले. फाल्दाल्मुन म्हणजे कोटाचा तो दक्षिण दरवाजा; त्याच्याजवळच्या एका दुकानात काचेमागे तीस-चाळीस प्रकारची तोंडी लावणी मांडलेली असत. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला दुकानदारीण टूथपिकला टोचलेला एखादा तुकडा पुढे करून म्हणे, "हान्बॉन मॉगॉ ब्वायो!" 'हान्बॉन' म्हणजे एकदा. एकदा खाऊन बघा. दादरच्या किंवा मंडईतल्या कोणत्याही विक्रेत्याचे वाक्य तिने जसेच्या तसे म्हटले होते, त्यातल्या 'एकदा'सकट. या 'एकदा'चा आकड्याशी संबंध नाही. त्यात आग्रह आहे, आणि 'नाही आवडले तर राहू द्या' असा दिलासाही आहे. कपड्यांच्या दुकानात 'इबॉ बोसेयो', अंगात घालून बघा. चपलांच्या दुकानात 'शिनॉ बोसेयो', पायात घालून बघा. कोरियनमध्ये अंगात घालणे आणि पायात घालणे यांची क्रियापदे वेगळी आहेत, जशी आपल्याकडे साडी 'नेसतात' आणि सदरा 'घालतात'. पण शेवटचा 'बघा' मात्र सगळीकडे तोच.

हे रूप बनवण्याचा नियम सोपा आहे. धातूच्या शेवटच्या अक्षरात 'आ' किंवा 'ओ' स्वर असेल तर पुढे 'आ' लागतो, एरवी 'ऑ' लागतो, आणि मग बोदा येतो. 'मॉक'ला 'ऑ' लागून 'मॉगॉ' होते, 'गा' म्हणजे जाणे याला लागलेला 'आ' त्यातच विरघळून 'गा' राहतो, आणि स्वतः 'बो'ला 'आ' लागून 'ब्वा' होते. उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. शब्दाच्या सुरुवातीला असताना या 'ब'चा उच्चार आपल्या 'प' आणि 'ब' यांच्या मधोमध कुठेतरी होतो, आणि स्वरांमध्ये सापडला की तो स्वच्छ 'ब' होतो. मी सगळीकडे 'ब' लिहिला आहे, कारण देवनागरीत त्या मधल्या जागेसाठी अक्षर नाही.

मराठीच्या आधाराने आणखी एक दार उघडले. दुकानात वस्तूला हात लावण्याआधी 'ब्वादो द्वेयो?' असे विचारायचे असते. पुस्तकात याचाही अर्थ इंग्रजी परवानगीच्या क्रियापदाने दिला होता. पण त्याची फोड केली तर 'ब्वादो' म्हणजे 'बघितले तरी' आणि 'द्वेयो' म्हणजे 'चालेल का'. बघितले तरी चालेल का? यात विचारणारा परवानगीसाठी हात पसरत नाही. आपण बघितले तर समोरच्याचे काही अडेल का, एवढेच तो विचारतो. आपल्या भाषेतही हे असेच आहे, आणि एवढी वर्षे बोलूनही मी त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते.

अर्थात सगळेच जुळत नाही, आणि न जुळणाऱ्या जागांनी मला जास्त शिकवले. कोरियनमध्ये 'गा ब्वास्सॉयो' म्हणजे 'जाऊन बघितले', पण त्याचा रोजचा अर्थ 'तिथे गेलोय कधीतरी' असा अनुभवाचा आहे. 'जेजुदोए गा ब्वास्सॉयो?' म्हणजे जेजू बेटावर गेला आहात का कधी? मराठीत 'जाऊन बघितलं' म्हटले तर काम झाले की नाही, असा पुढचा प्रश्न येतो. हा अनुभवाचा अर्थ शिकल्याच्या उत्साहात मी वर्गात सांगितले की मी भारतात 'सारा ब्वास्सॉयो', राहून बघितले आहे. बाई हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या की जिथे जन्म घेतला, जिथे तीस वर्षे काढली, तिथे माणूस राहून बघत नाही, तिथे नुसते राहतो. राहून तुम्ही इथे बघत आहात. ते वाक्य मी वहीत लिहून घेतले.

मग मी शब्दकोशात बोदाचे पान उघडले. नोंद लांबलचक होती, आणि तिच्यात कोरियन माणसाचे अर्धे आयुष्य सामावले होते. वर्तमानपत्र बघायचे. मुलांना बघायचे, म्हणजे सांभाळायचे. 'पोरांना बघायला कोणी नाही' हे आपले वाक्य तिथेही तसेच चालते. बाजारही बघायचा, 'जाङुल बोदा'. आपण मात्र बाजार करतो. तोटाही बघायचा, आपण तो सोसतो. नावे ठेवणे हेही एक बघणेच, 'ह्युङुल बोदा'. आपण उणेदुणे काढतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातले ताडून वागण्याला 'नुन्चिरुल बोदा' म्हणतात, आणि ज्याला हे बघता येत नाही त्याचे कोरियन घरात किंवा कचेरीत फार हाल होतात.

लग्नाच्या नोंदीपाशी तर मी थबकलेच. ठरवून करायच्या लग्नात मुलामुलीने एकमेकांना भेटण्याला 'सॉनुल बोदा' म्हणतात. दोघांच्या जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ मांडून जुळते का हे तपासण्याला 'गुङ्हाबुल बोदा'. जमले, आणि घरात सून आली की आईबापांनी सून 'बघितली', 'म्यॉनुरिरुल बोदा'. पुढे नातू झाला की नातू 'बघितला', 'सोन्जारुल बोदा'. मुलगी बघायला जाणे, पत्रिका बघणे, सूनमुख बघणे, नातवाचे तोंड बघणे: माझ्या आजीने आयुष्याचे जे टप्पे मोजले ते याच क्रियापदावर मोजले होते. बघण्याच्या कार्यक्रमाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, आणि तिथल्या माझ्या वयाच्या मुलींचेही नव्हते. पण दोन दूरच्या देशांनी जोडीदार निवडण्याची जबाबदारी डोळ्यांवर टाकली, याची नोंद घेतल्यावाचून राहवत नाही.

परीक्षेचे उदाहरण मला सर्वांत आवडते. कोरियन विद्यार्थी परीक्षा 'बघतो', 'शिहॉमुल बोदा'. आपण परीक्षा देतो, परीक्षेला बसतो. मराठीत परीक्षा पाहतो तो घेणारा: देव भक्ताची परीक्षा पाहतो, आणि आपण म्हणतो, 'माझी परीक्षा पाहू नकोस.' म्हणजे एकाच प्रसंगात एका भाषेने डोळे विद्यार्थ्याला दिले, दुसरीने परीक्षकाला. आणि 'परीक्षा' हा शब्दही मुळात बघण्यातूनच आला आहे. 'परि' आणि 'ईक्ष्', चहूबाजूंनी पाहणे. या 'ईक्ष्'चा माग काढत गेले तर निरीक्षण, प्रतीक्षा, उपेक्षा, अपेक्षा सगळी एका ओळीत उभी राहतात, आणि 'अपेक्षा'च्या मागोमाग आपले साधे 'पेक्षा' येते. 'माझ्यापेक्षा उंच' म्हणताना आपण नकळत बघण्याच्या धातूला हात लावतो. कोरियनमध्ये 'माझ्यापेक्षा' साठी 'जॉबोदा' असा शब्द आहे, आणि त्यातला 'पेक्षा' ऐकायला थेट 'बोदा' असाच आहे. मराठीतले 'पाहिजे' तर आणखी जवळचे. ते पाहणे या क्रियापदाच्याच जुन्या कर्मणी रूपातून आले आहे: 'पाहिले जाते, शोधले जाते' पासून 'हवे आहे' पर्यंत. मला पाणी पाहिजे, असे म्हणणारे मूल आपण बघण्याचे क्रियापद चालवतो आहोत हे कुठे जाणते! परक्या भाषेतल्या एका शब्दाच्या मागे लागले नसते तर मीही हे कधी तपासले नसते.

आदरार्थाकडे वळले पाहिजे, कारण तिथे माझ्याकडून चूक झाली. वर्ग सुटताना मी बाईंना रोज 'नेइल ब्वायो' म्हणत असे, उद्या भेटू या. आवाजात गोडवा होता, शेवटी आदराचे 'यो' होते, म्हणून मला ते पुरेसे वाटे. काही महिन्यांनी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की बरोबरीच्या माणसाला हे ठीक आहे, पण आपल्याहून मोठ्यांना आपण 'बघत' नाही. त्यासाठी वेगळे, लीन झालेले क्रियापद आहे, 'ब्वेप्ता'. मोठ्यांना म्हणायचे 'नेइल ब्वेप्केस्सुम्निदा'. पहिल्या भेटीत म्हणतात त्या 'चॉउम ब्वेप्केस्सुम्निदा' मध्येही तेच आहे: पहिल्यांदाच आपले दर्शन होत आहे. 'दर्शन' हा शब्द मनात आला आणि मला एकदम पटले. पंढरपूरला जाऊन आलेला माणूस 'विठोबा बघितला' असे म्हणत नाही, दर्शन घेतले म्हणतो. मधल्या पातळीवर 'ब्वेयो' असे एक रूप आहे. त्याचे लेखन कोरियन माणसेही हमखास चुकतात, कारण शुद्ध आणि अशुद्ध रूपाचा उच्चार एकच होतो. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

फोन उचलल्यावर म्हणायचे 'यॉबोसेयो' हेही मुळात 'इकडे बघा' असेच आहे, आणि नवराबायको एकमेकांना हाक मारतात ते 'यॉबो' त्याच घडणीचे. आमच्याकडे आजी आजोबांना 'ऐकलंत का?' म्हणून हाक मारायची. एकीने कानाला साद घातली, एकीने डोळ्यांना, पण नाव घेणे दोघींनीही टाळले. क्षमा मागतानाही असाच फरक आहे. कोरियन माणूस म्हणतो, 'हान्बॉन्मान ब्वाजुसेयो', एकदाच 'बघून द्या', म्हणजे यावेळी सोडून द्या. आपण म्हणतो, एवढी चूक पोटात घाला.

2018 साली लक्ष्मीपूजन 7 नोव्हेंबरला होते. सुवोनमध्ये तो साधा बुधवार होता. संध्याकाळी आईशी फोनवर बोलले. पाठीमागे फटाके वाजत होते, भाऊ मोठ्याने काहीतरी सांगत होता, आणि आई पुन्हापुन्हा विचारत होती की तिकडे पणत्या मिळाल्या का. फोन ठेवून मी कचरा टाकायला खाली उतरले तेव्हा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांना मी 'हाल्मॉनी' म्हणत असे, आणि त्या मला 'सेदेक' म्हणत. नव्याने संसार मांडलेल्या शेजारणीला त्यांच्या पिढीतल्या बायका अशी हाक मारतात. आपल्या 'सूनबाई'च्या जवळचे हे संबोधन आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्या स्वतःशीच बोलाव्यात तशा पुटपुटल्या, "उरॉन्ना ब्वा."

हे बोदाचे आणखी एक रूप. समोर दिसणाऱ्या खुणेवरून बांधलेला अंदाज त्याने सांगतात. कोणी भिजलेली छत्री घेऊन आत आले की म्हणायचे 'बिगा ओना ब्वायो', पाऊस पडतोय वाटते. स्वतःच्या मनातल्या गोष्टींबद्दल हे रूप सहसा वापरत नाहीत, कारण स्वतःच्या मनाचा खुणांवरून अंदाज करावा लागत नाही. वर्गात हा नियम मी घोकला होता. जिन्यात तो मला आजींच्या तोंडून ऐकू आला, आणि मराठीत त्या काय म्हणाल्या हे त्याच क्षणी कळले: रडलेली दिसतेस. मराठीनेही इथे डोळ्यांचेच क्रियापद घेतले आहे, फक्त 'बघणे' सोडून 'दिसणे'. मग आजींनी विचारले, "ऑम्मा बोगो शिप्ची?" आई बघावीशी वाटते ना?

कोणाची आठवण येते असे सांगायला कोरियनमध्ये रोजचे वाक्य हेच आहे, 'बोगो शिपॉयो'. बघावेसे वाटते. आठवण मनात येते आणि मनातच राहते. बघावेसे वाटणे माणसाला जागेवर बसू देत नाही. आजींना मी होकारार्थी मान हलवली. त्या वेळी मला कोणतेच रूप आठवले नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस गच्चीवर किमजाङ झाले. हिवाळ्यापुरती किमची एकत्र बसून घालण्याच्या या प्रथेला 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले आहे. आजींनी मला निरोप धाडला नाही, दार वाजवून थेट गुलाबी रबरी हातमोजे हातात दिले. आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले कोबीचे लांबट गड्डे धुऊन, उलटे घालून निथळत ठेवले होते. मोठ्या परातीएवढ्या प्लास्टिकच्या घमेल्यात मुळ्याचा कीस, कांद्याची पात, लसूण, आले, लाल तिखट, तांदळाच्या पिठाची खळ आणि खारवलेली बारीक कोळंबी कालवणे चालू होते. त्या कोळंबीच्या वासाने दोन-तीन बायका माझ्याकडे काळजीने बघू लागल्या, परदेशी बाईला हा वास सोसेल का म्हणून. मी रत्नागिरीची आहे. आमच्या परसात चटईवर जवळा वाळत पडलेला असायचा. मला तो वास घरचा वाटला.

पान उचलायचे, देठाकडून टोकाकडे मसाला चोळायचा, दुसरे पान उचलायचे, आणि शेवटी बाहेरच्या पानाने सगळा गड्डा गुंडाळून टाकायचा. तासाभराने आजींनी आतले एक पिवळे कोवळे पान तोडले, त्यात मसाला भरला, सुरळी केली आणि हात माझ्या तोंडासमोर धरून म्हणाल्या, "सेदेक, गान जोम ब्वा ज्वॉ."

'गान' म्हणजे पदार्थातला खारटपणा, चव. 'जोम' म्हणजे जरा. 'ब्वा ज्वॉ' म्हणजे बघून दे. मीठ जरा बघून दे. आमच्या स्वयंपाकघरात आई आमटीचा चमचा फुंकर घालून पुढे करायची आणि म्हणायची, "मीठ बघ जरा." मीठ डोळ्यांनी दिसत नाही, जिभेलाच कळते, तरी दोन्ही भाषांनी ते बघायलाच सांगितले. एवढेच नव्हे, मीठ बघायला सांगणे म्हणजे घरातल्या माणसावर टाकलेला विश्वास असतो, कारण पाहुण्याला कोणी मीठ बघायला सांगत नाही. ती सुरळी तोंडात धरून मी उभी होते. पान कुरकुरीत होते, तिखट नाकात गेले होते, आणि सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले की अजून थोडे चालेल. आजींनी मुठीने मीठ उचलले आणि घमेल्यात टाकले.

2019 मध्ये आम्ही पुण्याला परतलो. निघताना मी आजींना 'तो ब्वेल्केयो' म्हणाले, पुन्हा दर्शनाला येईन, आणि यावेळी क्रियापद बरोबर होते. त्या पहिल्या हिवाळ्यात मी मंडईतून आणलेल्या कोबीची किमची घातली. हा कोबी गोल आणि घट्ट, तिथल्यासारखा लांबट नव्हे, त्यामुळे मिठाचे प्रमाण चुकले. व्हिडिओ कॉल लावला तेव्हा पलीकडून आजी 'यॉबोसेयो' म्हणाल्या आणि बरणी दिसताच पहिला प्रश्न विचारला, "गान ब्वास्सॉ?" मीठ बघितलेस का?

मी सांगितले की बघितले, खारट झाले आहे. कोरियनमध्ये कोणी 'दुगो बोजा' असे दात ओठ खाऊन म्हणाले तर ती धमकी असते, आपल्या 'बघून घेईन तुला'सारखी. तेच शब्द हळू आवाजात म्हटले तर त्यांचा मूळ अर्थ उरतो. आजींनी बरणीकडे थोडा वेळ निरखून पाहिले. मुळ्याचे जाड तुकडे मध्ये खोचून ठेव, खारटपणा ते ओढून घेतात, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "जोम दुगो ब्वा." जरा ठेवून बघ.

मी मुळा चिरला, पानांमध्ये खोचला आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली.